मुद्दुपळनीच्या गावी

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेला लागले की पवनारची धाम नदी मागे पडते आणि थोड्या वेळाने सेलू येते. ज्यांनी आमचे सेलू पाहिले आहे त्यांनी ते बहुधा एस. टी.च्या खिडकीतून पाहिले आहे; आणि जे येथे उतरले ते केळझरच्या गणपतीला नाही तर बोर धरणावर जाण्यासाठी. आमच्याच नावाचे दुसरे एक सेलू परभणी जिल्ह्यात आहे. ते अधिक नामांकित असल्यामुळे आमची पत्रे अधूनमधून मराठवाड्याची यात्रा करून येतात. तसे आमच्या गावालाही काही कमी नाही. जवळून बोर नदी वाहते, घोराडला केजाजी महाराजांचे देवस्थान आहे, आणि एके काळी येथल्या केळीच्या बागांचे नाव विदर्भात सर्वतोमुखी होते. आता बागा विरळ झाल्या. कापूस, तूर आणि सोयाबीन यांनी त्यांची जागा घेतली.

अशा गावी मराठी शिकवणारा माणूस नाताळच्या सुटीत तंजावरला निघाला म्हटल्यावर प्रश्न हे पडणारच. "रामेश्वर करून येता का?" हा पहिला. शेजारच्या बागवानबुवांनी तर स्पष्टच विचारले, "काहून जी सर, तिकडच्या केळी पाहाले चालले का?" मी हो म्हटले. खरे कारण सांगायला वेळ लागला असता, आणि ते सांगताना मला थोडी लाजही वाटली असती. वाचकांना मात्र सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून या प्रवासाला अर्थ नाही.

तेरा-चौदा वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे संपादन माझ्याकडे होते. एका विद्यार्थिनीने एक कविता आणून दिली. आमच्याकडे शेतीच्या पंपाला वीज पुष्कळदा रात्री मिळते. नवरा मध्यरात्री केळीला पाणी द्यायला गेलेला आणि नवी नवरी घरी जागी, एवढाच विषय. पाच कडवी होती. त्यांतल्या तिसऱ्या आणि चौथ्या कडव्यांत त्या नवरीने आपल्या मनातलेच नव्हे, तर आपल्या देहातलेही बोलून दाखवले होते. कविता चांगली होती, हे मला तेव्हाही कळत होते. परंतु मुलीचे नाव छापले जाणार, तिच्या घरचे वाचणार, गाव बोलणार! मी तिच्याच भल्यासाठी ती दोन कडवी गाळली आणि तीन छापली. अंक हाती आल्यावर तिने पान उघडले, पाहिले, मिटले. म्हणाली, "छान झालाय अंक, सर." त्यानंतर तिने मला कधी कविता दाखवली नाही.

ही गोष्ट मी विसरलोही असतो. परंतु मागे एकदा 'भारतीय स्त्रियांचे लेखन' हा विषय शिकवायची वेळ आली. महदाइसा, जनाबाई, बहिणाबाई ही आपली मंडळी ओळखीची. इतर भाषांतले शोधू लागलो, तेव्हा सुझी थारू आणि के. ललिता यांच्या १९९१ च्या संग्रहात मुद्दुपळनी हे नाव भेटले. अठराव्या शतकातली तेलुगू कवयित्री, राहणार तंजावर, आश्रय प्रतापसिंह राजांचा. म्हणजे भोसल्यांचा! मराठ्यांच्या राज्यात एका बाईने ५८४ पद्यांचे काव्य लिहिले होते, आणि वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या मला तिचे नाव ठाऊक नव्हते. पुढे वाचत गेलो, तो तिच्याही ग्रंथातला मजकूर एका संपादकाने गाळला होता असे कळले. मग तंजावरला जाणे भागच पडले.

सेवाग्राम स्टेशनावरून मद्रासची गाडी मिळते. (चेन्नई म्हणायला हवे, पण जिभेचे वळण जुने आहे.) चंद्रपूर, बल्लारशा मागे पडले की मराठी पाट्या संपतात, पुढे गोदावरी आडवी येते, आणि विजयवाड्याला कृष्णा. दोन्ही नद्या आपल्याकडच्या, पण तेथे त्या सासरी नांदणाऱ्या मुलींसारख्या वेगळ्याच रुबाबात दिसतात.

गाडीत वाचायला आमच्या इंग्रजीच्या सहकाऱ्यांनी एक पुस्तक दिले होते. "तुमच्या त्या बाईची ही आयर्लंडातली बहीण," म्हणाले. हिचे नाव लेटिशिया पिल्किंग्टन. आयर्लंडात जी इंग्रज मंडळी स्थायिक झाली होती त्यांच्यात, डब्लिनच्या एका डॉक्टरच्या घरी ही वाढली. नवरा पाद्री, आणि तोही कवी. 'गलिव्हर'चा कर्ता स्विफ्ट या जोडप्याचा स्नेही. लेटिशियाच्या कवितेचे कौतुक झाले, पण एका रात्री तिच्या खोलीत परपुरुष सापडला आणि १७३८ मध्ये नवऱ्याने घटस्फोट घेतला. बाईचे म्हणणे असे की, त्या गृहस्थाचे पुस्तक तिला वाचून पुरे करायचे होते, आणि तो ते मागे ठेवून जायला तयार नव्हता, म्हणून तो थांबला होता! खरेखोटे देव जाणे. पुस्तकवेड्या माणसाला मात्र हे अगदीच अशक्य वाटणार नाही. स्विफ्टने पाठ फिरवली. लंडनला जाऊन तिने लोकांना कविता लिहून देऊन पोट भरले, १७४२ मध्ये कर्जापायी तुरुंग पाहिला, आणि शेवटी १७४८ पासून आपल्या आठवणी छापल्या. त्या आठवणींत तिने आपल्या कविता जागोजाग ओवून ठेवल्या, म्हणून त्या टिकल्या. १७५० मध्ये ती वारली. लोकांनी पुस्तक वाचले ते स्विफ्टच्या गमती आणि बाईच्या भानगडी यांसाठी. मुद्दुपळनी त्याच काळातली, आणि तिच्याही बाबतीत बाई कशी होती याचीच चर्चा काव्यापेक्षा अधिक झाली. डब्लिन कोठे, तंजावर कोठे!

मद्रासला गाडी बदलून सकाळी तंजावरला उतरलो. तेथल्या बृहदीश्वराचे वर्णन मी करणार नाही. राजराज चोळाचे ते हजार वर्षांपूर्वीचे देऊळ पुष्कळांनी वर्णिले आहे, आणि माझी मान वर करून करून दुखली यापलीकडे मला त्यात भर घालता यायची नाही. मी शोधत होतो ती आवाराची भिंत. सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास या देवळाच्या भिंतीवर कोरविला आहे. नैर्ऋत्येकडच्या ओवरीत गेलो आणि पाहतो तो देवनागरी अक्षरे, आणि त्यांत मराठी! चहूकडे तमिळ, वर चोळांचे जुने तमिळ कोरीव लेख, आणि मध्येच दगडावर आपली भाषा. सेलूच्या वर्गात मी ज्या बखरी शिकवतो त्यांतलेच वळण. बोट अक्षरांजवळून फिरवीत मी पुटपुटत वाचू लागलो, तेव्हा एक शाळकरी पोरांचा घोळका माझ्याभोवती जमला. त्यांना वाटले असावे, हा कोणी भटजी मंत्र म्हणतो आहे.

शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास हे राज्य हाती घेतले, आणि १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारल्यावर ते इंग्रजांच्या घशात गेले. मधली एकशे ऐंशी वर्षे म्हणजे मराठी वाङ्मयाचे एक निराळेच दालन आहे. शहाजी राजांनी (हे व्यंकोजींचे पुत्र) सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटके लिहिली, तेव्हा विष्णुदास भाव्यांचे सांगलीतले 'सीतास्वयंवर' दीडशे वर्षे दूर होते. त्यांनीच तेलुगूतही लिहिले. नायक राजांपासून त्या दरबारची काव्यभाषा तेलुगू होती, प्रजेची तमिळ, पंडितांची संस्कृत आणि राजघराण्याची मराठी. चारही भाषा एका छताखाली नांदत होत्या. भांडल्याचे ऐकिवात नाही.

राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांवर मराठी पोथ्या आहेत, आणि मोडी कागदांचे रुमाल निराळे. बाहेरच्या दालनात मांडलेल्या पोथ्या पाहून घेतल्या. तेथे राजवाडा दाखविणाऱ्या माणसाला मी मुद्दुपळनीचे नाव विचारले. त्याने सरफोजींची तसबीर दाखवली, कमानींचा दरबार दाखवला, सांबार हे नाव संभाजीवरून पडले ही दंतकथा उत्साहाने ऐकवली. मुद्दुपळनी? त्याने मान हलवली. तो दोष त्याचा नाही.

गावात अजून मराठी घरे आहेत. एका वृद्ध गृहस्थांनी ओटीवर बसवून कॉफी पाजली. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण लिहायचे तर तमिळ अक्षरांत. "आमची मराठी तुम्हांला उमजते की?" त्यांनी विचारले. उमजत होती, तमिळ हेलाखाली जुनी मराठी वाजत होती. मुद्दुपळनीचे नाव त्यांनी ऐकले होते. आवाज खाली आणून ते म्हणाले, "ती नाचणारी बाई. घरात तिचे पुस्तक ठेवत नसत."

ठेवत नसत, हे खरे. ते पुस्तक कोणते, ते आता सांगतो.

मुद्दुपळनीचा जन्म १७३० ते १७४० च्या दरम्यानचा मानतात. ती गणिका होती. तिची आजी तंजनायकी हीसुद्धा दरबारची गुणी कलावंतीण. कुलीन घरातल्या बाईला त्या काळी अक्षर दुर्मीळ. या बायकांना मात्र संगीत, नृत्य, संस्कृत, तेलुगू यांचे रीतसर शिक्षण मिळे, त्यांची स्वतःची मिळकत असे, पंडितांना त्या दक्षिणा देत. काव्याच्या आरंभी कवीने आपल्या बापआजोबांची वंशावळ सांगावी, ही रीत. मुद्दुपळनीने आपल्या घराण्यातल्या बायकांची सांगितली, आणि आपल्या विद्वत्तेचा नि रूपाचा बडेजाव बिनसंकोच मिरवला. आंडाळची तिरुप्पावै तिने तेलुगूत आणली. पण तिचे मुख्य काव्य म्हणजे 'राधिकासांत्वनमु'.

गोष्ट अशी आहे. राधा वयाने मोठी, प्रौढ. इळा नावाची मुलगी तिने लहानाची मोठी केली आणि स्वतःच पुढाकार घेऊन तिचे कृष्णाशी लग्न लावले. नवऱ्यामुलीला काय सांगावे, कृष्णाने त्या कोवळ्या मुलीशी कसे वागावे, सारे तिनेच शिकवले. आणि मग ती एकटी पडली. ज्याला आपण होऊन दिला त्याच्याचसाठी झुरू लागली. मत्सर, संताप, स्वतःच्या वयाची जाणीव, देहाची आठवण, सगळे तिने बोलून दाखवले. शेवटी कृष्ण येतो, पाया पडतो आणि तिची समजूत घालतो. राधेची मनधरणी, म्हणून 'सांत्वन'. कवींच्या राधा मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्या वाट पाहतात, रुसतात आणि अखेर कृष्णाला सुख देतात. येथे सुख राधेला मिळायला हवे, ती ते मागते, आणि कवयित्री मागणाऱ्या राधेच्या बाजूने उभी आहे. मला तेलुगू येत नाही. २०११ साली निघालेल्या इंग्रजी भाषांतरावर माझे सारे भांडवल. तरीही दुसरेपणाचे जे दुःख तिने टिपले आहे ते दोन भाषांच्या भिंतींतून ऐकू आले.

येथे आपल्या लावणीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्याच शतकाच्या उत्तरार्धात इकडे पुण्याच्या बाजूला राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा यांची लावणी रंगात येत होती. त्या लावणीत बोलते ती बाईच. विरह तिचा, धिटाई तिची, देह तिचा. शेवटच्या ओळीत नाव मात्र शाहिराचे. बायका नाचल्या, गायल्या, आणि रचणारे पुरुष. लावणीचा मी प्रेमी आहे, ती शिकवताना मला कधी संकोच वाटला नाही. मुद्दुपळनी वाचून मात्र एक गोष्ट खटकली: वार्षिकांकात एखाद्या मुलाने तीच कविता नवरीच्या तोंडी घालून दिली असती, तर मी ती दोन कडवी गाळली असती का? बहुधा नसती.

आता पुढचे ऐका. १८८७ मध्ये पैडिपाटि व्यंकटनरसू नावाच्या पंडिताने हे काव्य टीकेसह छापले. कोशकार ब्राऊनसाहेबांच्या परिवारातला हा माणूस. त्याने आरंभीचा तो घराण्यातल्या बायकांचा मजकूर गाळला, आणि काही पद्येही गाळली. मग बंगळूर नागरत्नम्मा या थोर गायिकेच्या हाती ही प्रत आली. त्याही गणिकाकुळातल्याच. मुद्रित प्रतीत काहीतरी कमी आहे, हे त्यांनी ओळखले, हस्तलिखित मिळवले, दोन्ही ताडून पाहिली आणि १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ मंडळींकडून संपूर्ण काव्य प्रसिद्ध केले. प्रस्तावनेत त्यांनी कंदुकूरि वीरेशलिंगम् पंतुलूंचा समाचार घेतला. हे पंतुलू म्हणजे आंध्रचे मोठे सुधारक. १८८१ मध्ये राजमहेंद्रीला विधवेचा पुनर्विवाह घडवून आणण्याची छाती ज्यांनी दाखवली ते. आपल्या कवि-चरित्रात त्यांनी मुद्दुपळनीची विद्वत्ता मान्य केली, पण असली वर्णने बाईने ऐकू नयेत, मग लिहिणे तर दूरच, असे मत दिले. नागरत्नम्मांनी एवढेच विचारले की, लाज ही फक्त बायकांसाठीच असते काय? पुरुष कवींनी, आणि खुद्द पंतुलूंनीसुद्धा, जे लिहिले ते कसे चालते?

सुधारकाचा राग आला, की पुढचे काम सरकार करते. १९११ मध्ये इंग्रज सरकारने पुस्तक अश्लील ठरवून प्रती जप्त केल्या. तेलुगू पंडितांनी अर्ज केले, उपयोग झाला नाही. तंजावर-मद्रासच्या घरांतून ते पुस्तक नाहीसे झाले ते असे. टंगुटूरि प्रकाशम् मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री असताना, १९४७ मध्ये, बंदी उठली. १९५२ मध्ये वाविळ्ळांनी नवी आवृत्ती काढली. आणि त्याच वर्षी नागरत्नम्मा वारल्या.

त्यांची समाधी पाहायला मी तिरुवैयारूला गेलो. तंजावरहून बसने अर्धा-पाऊण तास. पाच नद्यांचे गाव, असा त्या नावाचा अर्थ. रस्ताभर भाताची हिरवी शेते, कालवे, नारळी, आणि केळी! बागवानबुवांना दिलेला शब्द पाळावा म्हणून मी केळीची पाने, घडांचा आकार, आळ्यांतले पाणी सारे नीट पाहून घेतले.

कावेरीच्या काठी संत त्यागराजांची समाधी आहे. १८४७ मध्ये ते येथे समाधिस्थ झाले. पुढे स्थान मोडकळीस आले, तेव्हा नागरत्नम्मांनी पदरचे दागिने नि पैसे घालून जागा मिळवली आणि १९२५ च्या सुमारास मंदिर उभारले. गंमत पाहा, त्या उत्सवात बायकांना गाण्याची मुभा नव्हती. जिने देऊळ बांधले तिनेच गायचे नाही! बाईंनी भांडण फारसे वाढवले नाही. बायकांची निराळी आराधना सुरू केली, आणि १९४० च्या सुमारास सगळे पक्ष एक झाले, तेव्हा बायकाही सर्वांबरोबर गाऊ लागल्या. त्यांची लहानशी समाधी त्यागराजांच्या समोरच आहे. आत त्यांची मूर्ती, हात जोडलेली. एक म्हातारी फुले बदलीत होती. मी खुणेने विचारले, तिने "नागरत्नम्मा" एवढेच सांगितले आणि माझ्या हातात एक फूल ठेवले. मुद्दुपळनीची समाधी, घर, तसबीर असे काही माझ्या पाहण्यात आले नाही. तिच्यासाठी आणलेले मनोगत मी येथेच सांगून टाकले आणि कावेरीत पाय बुडवून बसलो.

सेलूला परतलो तेव्हा तुरीच्या शेंगा बाजारात आल्या होत्या. संक्रांतीच्या सुमारास मी त्या विद्यार्थिनीकडे गेलो. ती बोरेपलीकडच्या एका गावी दिली आहे, शाळेत शिकवते, मुलगा चौथीत आहे. तिने चहा केला, तिळगूळ दिला. मी तंजावरचे सारे सांगितले. ती लक्ष देऊन ऐकत होती. नंतर मी विचारले, "तुझी ती केळीच्या पाण्याची कविता. मी गाळलेली दोन कडवी तुझ्याजवळ आहेत का?"

"एकच कागद होता, सर. तुमच्याकडेच दिला होता."

तो कागद मी घरी आठ दिवस शोधला होता. अंकाची प्रत होती, मुद्रितेसुद्धा होती. कागद नव्हता. तसे मी तिला सांगितले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग मुलाला बाहेर खेळायला पाठवून, खिडकीकडे पाहत, तिने तिसरे कडवे म्हटले. मी खिशातल्या डायरीत लिहून घेतले, आणि काना-मात्रा बरोबर आहेत ना म्हणून तिला वाचून दाखवले. तिने एक शब्द दुरुस्त केला.

"आणि चौथे?"

"चौथे नाही आठवत, सर," ती म्हणाली. "आठवले तर कळवीन."